टॅपेटची टिकटिक थांबवणाऱ्यांचे आभार

इंदूरला रामबागेत बाबांच्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातून टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनाच्या झडपा) उघडणाऱ्या भागांची, टिकटिक येत होती. तेव्हा धावून आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं विचारायची राहूनच गेली.

एका काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "एक्झॉस्टच्या, धूर बाहेर जातो त्या बाजूला आहे. पण सायलेन्सरचं गॅस्केट फुटलं तरी अशीच टिकटिक येते, आधी ते बघू." गॅस्केट शाबूत होतं. मग इंजिन रात्रभर गार होऊ दिलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट म्हणजे गॅप; गरम इंजिनात तो खरा कळत नाही.

सकाळी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन आलेल्या दादानं पिस्टन सगळ्यात वर आल्याचं दाखवणारी मॅग्नेटवरची टी खूण जुळवली, दोन्ही रॉकर सैल आहेत ना, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना, ते हलवून पाहिलं. ही खूण पिस्टन धूर बाहेर ढकलतो त्या एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटीही येते, तिथे माप घेतलं तर सगळंच चुकतं. गॅप ठरवणारा स्क्रू जागी धरणारा लॉकनट आवळताना तो स्क्रू किंचित फिरतो, म्हणून त्यानं गेज पुन्हा घालून पाहिलं. किती निगुतीनं! वर बजावलं, "थोडा आवाज राहू दे. गॅप फार कमी केला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो."

आणि गाडी रात्री अंगणात ठेवू देणाऱ्या आजी, तुमचेही खूप आभार.