दिलीपची वही

प्रिय शैला,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही की फोन नाही. रागावली असशील. इकडे सगळे बरे, ह्यांची शुगर आटोक्यात आहे. तुझं नवीन घर लागलं का? काकूंचा गुडघा कसा आहे तेही कळव.

आज लिहायला बसले ते ओंकारमुळे, आणि दिलीपमुळे. आपल्या सातवीतला दिलीप.

ओंकारला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्याची अध्ययन अक्षमता आहे, हे आता कागदावर आलं. सरकारी रुग्णालयात पाच खेपा घातल्या तेव्हा प्रमाणपत्र हातात पडलं. बी कशी रुजते ते पोरगं तोंडी घडाघडा सांगतं, पण वहीत 'घरासमोर'चं 'धरासभोर' होतं. खोडून खोडून कागदाला भोक पडतं. सहामाहीला विज्ञानाचे शेवटचे दोन प्रश्न कोरे. येत नव्हते म्हणून नाही गं, घंटा झाली म्हणून.

पुढच्या वर्षी दहावी. जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून अर्ज घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "अपंगत्वाचे चाळीस टक्के भरत नाहीत. आणि एकाला तासभर जास्त देणं म्हणजे बाकीच्या मुलांची फसवणूक."

फसवणूक! शैला, माझे हातपाय गार पडले. तू दिलीपचा गृहपाठ लिहून द्यायचीस आणि मी भर वर्गात उभं राहून म्हटलं होतं, "बाई, ही फसवणूक आहे." त्याच्या हातावर पट्ट्या बसल्या. तू शिमग्यापर्यंत माझ्याशी बोलली नाहीस, आणि माझी लाल रिबीन परत केलीस ती कात्रीने दोन तुकडे करून. रिबिनीबद्दल अजून भांडेन मी तुझ्याशी, पण बाकी सगळं तुझंच खरं होतं. व्याजाची गणितं तो आपल्या सगळ्यांच्या आधी मनात सोडवायचा, आणि त्याने आठवीचा वर्ग पाहिला नाही.

तेव्हा 1991 साली त्याच्या बाजूने कायद्याची एक ओळ नव्हती. अपंगांच्या हक्कांच्या 1995 च्या कायद्यातही अध्ययन अक्षमता नव्हती, ती आली 2016 च्या कायद्यात. त्याच्या सतराव्या कलमात जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असं सगळं लिहिलंय. सोळावं कलम तर शाळांनाच बजावतं, अशी मुलं लवकरात लवकर ओळखा म्हणून. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आणि चाळीस टक्क्यांचं म्हणशील, तर लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका मुलाचा यूपीएससीचा खटला होता. तेवढे टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच सांगितलंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचून काढलं मी हे. कुणी उपकार करत नाहीये, पोराचा हक्क आहे तो.

सोमवारी हे सगळं लिहून पुन्हा अर्ज दिला आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही. उत्तर अजून आलेलं नाही. नाही आलं तर वर जाईन.

ओंकारने घरी विचारलं, "आई, मी जास्त वेळ घेतला तर चीटिंग होईल का?" त्याला जवळ घेतलं, नाही म्हटलं. पण डोळ्यांसमोर दिलीपची ती वही होती, तुझ्या अक्षरातली.

त्याचा भाऊ तुमच्या गल्लीत राहायचा ना? पत्ता काढ. मला दिलीपला भेटायचंय. एकटीने जायचं धाडस होत नाही, तू बरोबर येशील का?

तुझी,
मंदा