खपली बर्फात हवी, फॉर्मेलिनमध्ये नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगोला-मंगळवेढ्याकडे खिलार जनावरांच्या अंगावर गाठी दिसल्या की लम्पीची बातमी येते आणि ‘नमुने तपासणीसाठी पाठवले’ या वाक्यावर संपते. त्या नमुन्यातून पुढे काय हाती लागणार, हे मात्र गोठ्यातच ठरलेले असते.

पीसीआर चाचणीला विषाणूच्या डीएनएचा (जनुकीय द्रव्याचा) तुकडा पुरतो, मग विषाणू मेलेला असला तरी चालतो. विषाणू वेगळा काढून वाढवायचा तर तो जिवंतच लागतो. हा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी रांचीचे उदाहरण पाहावे. 2019 साली देशात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. त्याच वर्षीच्या रांचीच्या विषाणूला हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने पेशींमध्ये वाढवले, पन्नासेक वेळा नव्या पेशींत उतरवून दुबळे केले आणि त्यातून ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही लस ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर झाली. नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ अहवालातून लस होत नाही.

नमुना गाठी दिसल्यापासून पहिल्या आठवड्यात घ्यावा. नंतर जनावराच्या रक्तातली प्रतिपिंडे विषाणूला निष्प्रभ करू लागतात. गाठ ताजी, टणक निवडावी. शेणाने माखलेली, चिघळलेली नको, कारण त्यातले जिवाणू आणि बुरशी प्रयोगशाळेतल्या पेशी खाऊन टाकतात. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. भुलीचे इंजेक्शन गाठीच्या भोवती द्यावे, गाठीत नव्हे. कातडीची पूर्ण जाडी येईल असा तुकडा घ्यावा, सोबत सुटी झालेली खपलीही कोरड्या निर्जंतुक बाटलीत ठेवावी. खपलीत हा विषाणू महिनाभरही तग धरतो, त्यामुळे उशीर झाला तरी ती टाकून देऊ नये.

सर्वात महागात पडणारी चूक फॉर्मेलिनची, म्हणजे ऊतक टिकवायच्या द्रावाची. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायला ते ठीक, पण त्यात विषाणू मरतो. दोन्ही तपासण्या हव्या असतील तर दोन बाटल्या कराव्यात. रक्त ताप असतानाच, जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत घ्यावे. हिरव्या टोपणाच्या नळीतले हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण ते पीसीआरमध्ये अडथळा आणते. प्रत्येक जनावराला नवी सुई वापरावी, नाहीतर नमुना घेणाराच रोग पसरवतो. सगळे 4 अंश सेल्सिअसला, बर्फाच्या पेटीत. सोलापूरचा उन्हाळा आणि एसटीची डिकी यांच्यावर भरवसा ठेवू नये. बर्फ वितळून लेबल धुऊन जाते, तेव्हा नाव पेन्सिलीने लिहून बाटली पिशवीत बंद करावी.

प्रयोगशाळेत 1 ग्रॅम ऊतक 9 मि.ली. बफर द्रावणामध्ये प्रतिजैविकांसह वाटतात, गोठवून-वितळवून पेशी फोडतात, गाळ खाली बसवून वरचे पाणी गाळतात. गाळणी 0.45 मायक्रॉनची लागते. इतर विषाणूंसाठी नेहमी वापरतात ती 0.22 ची लावली तर हा देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातला धिप्पाड विषाणू तिच्यातच अडकतो आणि अहवाल ‘नकारात्मक’ येतो! हे पाणी पेशींवर घातल्यावर त्या बिघडतात का, हे 14 दिवस रोज पाहावे लागते. काहीच दिसले नाही तरी तो द्रव पुन्हा ताज्या पेशींत घालावा, घाईने बाटली टाकू नये. उलट, दोन दिवसांतच पेशी एकमेकींत मिसळून मोठे गोळे झाले तर संशय नागीण (हर्पीस) कुळातल्या विषाणूवर घ्यावा. त्याच्याही गाठी लम्पीसारख्याच दिसतात, पण वरवरच्या असतात.

जिवंत विषाणू वाढवणे हे जैवसुरक्षेची सोय असलेल्या प्रयोगशाळेचेच काम. जिल्ह्याने त्यात पडू नये. माणसाला हा रोग होत नाही हे खरे, पण निसटलेला विषाणू शेजारच्या गोठ्यात जाऊ शकतो. जिल्ह्याच्या हातात आहे तो नमुना. प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बायोप्सी पंच (कातडीचा तुकडा काढायचे हत्यार), ईडीटीए नळ्या आणि गोठवलेले आइस पॅक पावसाळ्याआधीच तयार असावेत. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती अशी की, पुढच्या वेळी दोन प्रश्न जरूर विचारावेत: गाठी दिसल्यापासून कितव्या दिवशी नमुना घेतला, आणि तो कशात ठेवून नेला?

आपला,
एक पशुवैद्यक, सोलापूर