‘टेस्ट केलेलं नाही’ म्हणजे काय ते आम्हाला कळतं!

संपादक साहेब, नमस्कार

ऑनलाइन लिलावात जुन्या मॉडेल ट्रेन घेणाऱ्या आमच्यासारख्या वेड्यांची एक तक्रार आहे, विषय छोटा आहे पण खिशाला चांगलाच लागतो म्हणून लिहितोय.

लिलावात इंजिन लागतं, वर ठळक अक्षरात ‘अतिशय दुर्मिळ’, आणि खाली बारीक अक्षरात ‘टेस्ट केलेलं नाही, आहे तसं’. आता गंमत बघा, याच विक्रेत्याला बाकी सगळं माहीत असतं. हॉर्नबी डब्लो (जुनी ब्रिटिश मॉडेल ट्रेन) असेल तर ते 1938 चं की युद्धानंतरचं, कपलिंग (डबे जोडायचा हुक) जुन्या घडणीचं की नवं, खोक्यावर छपाईचा कोड काय आहे, सगळं बैजवार लिहिलेलं. लायोनेल या अमेरिकन कंपनीची 1957 ची ती मुलींसाठी काढलेली गुलाबी इंजिनवाली गाडी असली तर मग विचारूच नका, तेव्हा ती खपली नाही म्हणून आज तिला भाव आहे हा इतिहास पानभर मिळतो (काळ्या इंजिनाला गुलाबी रंग मारूनही विकतात लोक, ते मात्र कोणी लिहीत नाही). एवढं सगळं माहीत आणि मोटर फिरते का तेवढं माहीत नाही?

डब्लो 12 व्होल्ट डीसीवर चालते. ट्रॅक नको, कंट्रोलर नको, 12 व्होल्टचा डीसी ॲडॉप्टर घ्या, एक वायर पोटाखालच्या पिकअपला (रुळातून वीज घेणाऱ्या पट्टीला) आणि दुसरी चाकाला लावा, दोन सेकंदांत कळतं. मार्क्लिन या जर्मन कंपनीची जुनी इंजिनं एसीवर चालतात, त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो हे मान्य, पण मग निदान पोटाखालचा एक फोटो तरी टाका ना. माझा तर आता समजच झालाय की टेस्ट केलेलं नाही म्हणजे केलं होतं, चाललं नाही.

माझंच सांगतो. युद्धाआधीचं डब्लोचं टँक इंजिन लागलं होतं, फोटो एकाच बाजूचा, रंग झकास. लिलाव संपायला काही सेकंद राहिले आणि मी बोली टाकली, जास्तीत जास्त म्हणून जो आकडा ठरवला होता त्याच्या दीडपट टाकला, कारण समोर कोणीतरी माझ्यासारखाच होता. सिस्टिम आपला पूर्ण आकडा लावत नाही, दुसऱ्याच्या बोलीच्या एक पायरी वर थांबते, पण दुसराही तसाच पेटलेला असला की ती पायरी कुठे जाऊन थांबते ते विचारू नका. पार्सल आलं, इंजिन उलटं केलं तर खालची चेसिस मध्ये फुगलेली, केसाएवढ्या भेगा, मधलं चाक जाम, आणि खोक्यात तळाला राखाडी चुरा. झिंक पेस्ट म्हणतात याला, म्हणजे जस्ताला लागलेली कीड. ओतकामाच्या जस्तात शिसं मिसळलं गेलं की धातू आतून हळूहळू फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो, यावर औषध नाही, आणि वरून रंग मारला की काही दिसतही नाही. इंग्लंडात त्या मिश्रधातूला मझाक म्हणायचे. झालाही तसाच. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर एका ओळीचं, ‘आहे तसं’ असं लिहिलं होतं ना.

मान्य, लिहिलं होतं. मीच वाचून न वाचल्यासारखं केलं. पण लिलाव चालवणाऱ्यांनी एवढं तरी करावं, विजेवर चालणारी वस्तू लावताना खालच्या बाजूचा फोटो आणि चाक फिरतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ सक्तीचा करावा, आणि टेस्ट केलं नसेल तर का नाही केलं ते लिहायला लावावं. ज्याचं इंजिन चालतं तो तर हौसेने व्हिडिओ टाकेल, त्यात त्याचाच फायदा आहे. आणि घेणाऱ्यांनो, शेवटच्या दिवसाची वाट न बघता आधीच फोटो मागा, दिला नाही तर सोडून द्या, दुर्मिळ म्हणून लावलेली बरीच मॉडेल्स पुढेमागे परत लागतात असा माझा अनुभव आहे.

त्याच विक्रेत्याचं आणखी एक इंजिन परवा लागलंय, फोटो पुन्हा एकाच बाजूचा. मी खालचा मागितलाय. मेसेज वाचल्याची खूण आली, फोटो अजून नाही.

आपला,
एक वाचक