आईची गोधडी

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू आई कशी आहे विचारलंस आणि मी नुसतं बरी आहे म्हणून मोकळी झाले, ते मनाला लागून राहिलं म्हणून आज नीट लिहितेय. बाबा गेल्यापासून आम्ही तिला दिवसातून दहा वेळा विचारायचो, आई बरं वाटतंय ना, आणि ती दहाही वेळा हो म्हणायची.

मग श्रावणात कपाट आवरताना आजीची दोन लुगडी आणि बाबांचे सुती सदरे निघाले, टाकवेनात. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या गोधडी शिवूया. बोहरी आळीतून दोरा आणला, हॉलमधलं टीपॉय सरकवून लुगडं अंथरलं, त्यावर थर घातले आणि आई, काकू, वहिनी, मी अशा चौघी चार कडांना बसलो, कडेकडेनं धावदोरा घालत मधे सरकायचं. आईचे टाके बोटभर लांब, वाकडे, दोरा सारखा तुटायचा, तेव्हा मला कळलं की हिला रात्रीची झोपच नाहीये. काकूंनी एक टाका उसवला नाही गं, शेजारून आपली बारीक ओळ घालत राहिल्या.

पाचव्या दिवशी आई सदऱ्याच्या खिशापाशी आली. खिसा काढू का विचारलं तर म्हणाली राहू दे, आणि मान खाली घालूनच बोलायला लागली, शेवटच्या रात्री यांनी पाणी मागितलं होतं, डॉक्टर नको म्हणाले म्हणून मी थांबा म्हटलं. कुणीच वर बघितलं नाही, सुया चालू. समोर बसून डोळ्यांत बघत विचारलं असतं ना, तर हे कधीच बाहेर आलं नसतं. थोड्या वेळाने काकूपण त्यांच्या भावाचं बोलल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं गायब झाली त्या सँटियागोच्या बायका अशाच एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवायच्या, काहीजणी तर गेलेल्या माणसाच्याच कपड्यांच्या. वाचलं तेव्हा मला आमचा हॉल दिसला.

शिवून दुःख जातं असं नाही, डॉक्टर चालूच आहेत. पण हल्ली टाके गव्हाएवढे झालेत आणि दुपारी आईच आधी सुईत दोरा ओवून बसते.

मधलं वीतभर उरलंय, आई म्हणते ते सुमी आल्यावर. दिवाळीला येताना चष्मा विसरू नकोस.

तुझीच