कोठीतल्या संडासाचं मी ठरवलंय

प्रिय आई-बाबा,

सोमवारपासून मिस्त्री येतोय. झोपायच्या खोलीला लागून असलेल्या कोठीत कमोड बसेल, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लागेल आणि रात्रभर एक बारका दिवा चालू राहील. बाबा, घरात संडास नको हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. म्हणूनच पाइप बोळीच्या बाजूने काढायला सांगितलाय आणि दार देवघराकडे उघडणार नाही. आई, तुझ्या लोणच्याच्या बरण्या माजघरातल्या फळीवर लावून देईन, उन्ह येत नाही तिथे. अॅडव्हान्स देऊन झालाय, तेव्हा नाही म्हणू नका.

डिसेंबरातल्या थंडीत रात्री तीन-चारदा अंगण ओलांडून मागे जायचं, तेही ओल्या फरशीवरून! माई आजीचं काय झालं ते तुम्ही दोघांनी पाहिलंय. लहानपणी मी आत असताना दर मिनिटाला "बाबा, आहात ना?" विचारायची आणि तुम्ही टॉर्च घेऊन बाहेर उभे असायचे. आता तुम्हाला त्या अंगणात एकटं जाऊ द्यायला माझा जीव होत नाही.

रात्री सारखं लघवीला उठणं "वय झालं की होतंच" हे मात्र पुरतं खरं नाही, बाबा. मूत्रपिंडं मिनिटाला साधारण एक मिलिलिटर लघवी तयार करतात. मूत्राशयाची पिशवी भरताना तिची स्नायूंची भिंत सैल पडत जाते, त्यामुळे आत 300 मिलिलिटर साठले तरी दाब फारसा वाढत नाही. दीडशे-दोनशेला पहिली जाणीव होते, चारशेच्या आसपास जोराची. तोवर तोंडाशी दोन स्नायू आवळलेले असतात: आतला आपोआप, बाहेरचा आपल्या ताब्यात. आपण बसलो की मेंदू आधी बाहेरचा सैल करायला लावतो, मग पिशवी आकुंचन पावते. सैल पडायला निवांतपणा लागतो. थंडीत कुडकुडत, घाई करत बसलं की पिशवी अर्धवट रिकामी होते.

तुमच्या बाबतीत प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाखाली असते ती ग्रंथी, वाढली असावी. लघवी बाहेर येण्याची नळी तिच्या मधूनच जाते, त्यामुळे वाट दबते. पिशवीला जास्त जोर लावावा लागतो, तिची भिंत जाड आणि चिडखोर होते आणि थोडं साठलं तरी घाई होते. वर शेवटी काही उरतंच. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडेही होतात. म्हणून सोनोग्राफीची वेळ घेऊन ठेवलीय. जायच्या तासभर आधी तीन-चार पेले पाणी प्या आणि लघवी रोखून ठेवा. आधी भरलेलं बघतील, मग लघवी करून यायला सांगतील आणि उरलेली मोजतील. 50 मिलिलिटरच्या आत असली तर छान. 200 च्या वर गेली तर डॉक्टर गोळी किंवा पुढचं काही सांगतील, घाबरायचं काही नाही. टॅम्सुलोसिन, म्हणजे ती दबलेली वाट सैल करणारी गोळी, दिली तर सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून मगच उभे राहा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय ना, डोळ्यांच्या डॉक्टरांना ती गोळी चालू आहे हे आधीच सांगा.

सर्दीची गोळी मात्र दुकानातून स्वतःहून आणायची नाही! तिच्यातलं एक औषध पिशवीचं तोंड आवळतं, दुसरं पिशवीचा जोर कमी करतं. तुमच्यासारख्याची लघवी पूर्ण अडकू शकते. ओटीपोट फुगलंय, दुखतंय आणि थेंबही येत नाही, असं झालं तर सकाळची वाट पाहू नका. शेजारच्या काकांना उठवा आणि दवाखाना गाठा.

आई, आता तुझं. लग्नाला जायचं म्हणून सकाळपासून पाणी बंद करतेस आणि निघायच्या आधी दोनदा जाऊन येतेस. पिशवीला थोड्याशा भरण्यावरच इशारा द्यायची सवय लागलीय. पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, आतून आणखी टोचते, पोटही साफ होत नाही. मे महिन्यातल्या नागपुरात तर हे चालायचंच नाही. दिवसभर थोडं थोडं पीत जा, फक्त झोपायच्या दोन तास आधी आवर. चहा दोन कपांवर. घाई झाली की धावायचं नाही. थांब, खालचा स्नायू वायू रोखताना आवळतो तसा पाच-सहा वेळा पटापट आवळ, लाट ओसरली की शांतपणे जा. रोजचा व्यायाम वेगळा: पाच सेकंद आवळायचं, पाच सेकंद सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. फरक जाणवायला दोन-तीन महिने लागतात, तोवर सोडायचं नाही. शिंकताना थेंब निघतो हे मावशीला सांगतेस, मला सांगायला लाजतेस. लाजण्यासारखं त्यात काही नाही गं.

दोघांनीही दुपारी चारला तासभर पाय उशीवर घेऊन पडायचं. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे निघतं, ते संध्याकाळीच निघून जाऊ दे. आणि तीन दिवस एका वहीत लिहा: किती वाजता, किती झाली (जुना मापाचा मग वापरा), किती प्यायलात. ती वही सोनोग्राफीच्या दिवशी सोबत न्यायची आहे, बाबा, विसरायची नाही.

तुमची,
बेबी