अण्णा, तुमची टॉर्च अजून गाडीत आहे

आदरणीय अण्णा,

सविनय नमस्कार.

सहायक नियंत्रक म्हणून मी या जिल्ह्याचा पदभार घेतला, त्याला एक गाळप हंगाम उलटला. निवृत्तीनंतरही एसटीने येऊन तुम्ही मला शिकवत राहिलात, त्याचे आभार फोनवर मानून समाधान होईना. वजने-मापे तपासणाऱ्या आपल्या वैध मापन शास्त्र खात्यात नव्याने येणाऱ्या मुलामुलींनीही हे वाचावे, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

पहिले दोन महिने मी नुसत्या सह्या करत होते. 2009चा वैध मापन शास्त्र अधिनियम पाठ होता, मुद्रांकन शुल्काचे, म्हणजे वजने-काटे तपासून शिक्का मारण्याच्या फीचे, आकडे चांगले होते, खटलेही भरपूर होते. तुम्ही रजिस्टर चाळलेत आणि विचारलेत, "ताई, यातले आठवडी बाजारातले किती अन् उसाच्या वजनकाट्यांवरचे किती?"

मी मोजले. जवळजवळ सगळे खटले भाजीवाल्यांवर होते. वजनांची पडताळणी दोन वर्षांनी करून घ्यायची असते, ती त्यांनी केली नव्हती. चूक त्यांची होतीच. पण जिथे एका खेपेला वीस टन ऊस तोलला जातो, तिथे आम्ही वर्षातून एकदा शिक्का मारून परतत होतो. अर्धा टक्का काटा मारला तरी खेपेमागे शंभर किलो ऊस जातो. हा हिशेब तुम्ही त्याच रजिस्टरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मांडलात. मी तो खोडलेला नाही.

मग बायपासच्या त्या भुईकाट्यावरची, म्हणजे भरल्या गाड्या तोलायच्या काट्यावरची संध्याकाळ. आधी रिकाम्या काट्यावर शून्य पाहिले, मग वीस-वीस किलोची पंचवीस प्रमाण वजने एकेका कोपऱ्यावर रचली. तीन कोपऱ्यांवर पाचशे, चौथ्यावर चारशे ऐंशी. चोरीच पकडली असे वाटून मी पंचनाम्याचे कागद मागवले. तुम्ही पिशवीतून टॉर्च काढलीत, फरशीवर पालथे झोपलात आणि प्लॅटफॉर्म व कडेच्या चौकटीच्या फटीत अडकलेला दगड सळईने काढलात. काटा पाचशेवर आला. मालक घामाघूम झाला होता. तुम्ही त्याला मोकळे सोडले नाहीत. फट रोज साफ झालीच पाहिजे, शेतकऱ्याचे वजन दगडानेही तितकेच घटते, असे चांगले खडसावलेत. त्या वयात तुम्हाला जमिनीवर झोपलेले पाहून मला माझ्या खुर्चीची लाज वाटली होती, हे तेव्हा बोलले नाही.

यंदा आमचे पथक काटा तपासते तेव्हा ऊस घेऊन आलेल्या गाडीवानांना शेजारी उभे करतो आणि प्रत्येक कोपऱ्याचा आकडा मोठ्याने वाचतो. पेट्रोल पंपावर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप असते आणि ग्राहकाने मागितले की त्यात मोजून दाखवावेच लागते, हे कॉलेजांत जाऊन सांगतो. दिवाळीत मिठाई खोक्यासकट तोलू नये म्हणून दुकानांत फिरलो. आठवडी बाजारात आता खटल्याआधी मुद्रांकनाचे शिबिर लावतो. तिथे आलेल्या एका आजींनी शिक्का मारलेली वजने पदराने पुसून टोपलीत ठेवली.

टॉर्च परत करायची राहिली आहे. सेल बदललेत. काकूंना नमस्कार सांगा. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत घरी येऊन जाते.

आपली,
सहायक नियंत्रक