बाबा, बर राहिली होती

ती. आई-बाबा,
सा. न.

या महिन्यात येणार होते, ते काही जमत नाही. अजून सहा आठवडे तरी इकडेच. फोनवर सांगितलं असतं, पण आई, तू लगेच माझ्या झोपेवर घसरतेस आणि बाबा "बरं" म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहितेय.

बाबा, मी इकडे निघाले तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, ड्रॉइंग तेच, मशीन तीच, मग परदेशातल्या कारखान्यात गाडी वेगळी कशी निघते? तेव्हा थातूरमातूर उत्तर देऊन सुटले होते. आता त्याच प्रश्नात मानेपर्यंत रुतलेय.

ह्युंदाई या कोरियन कंपनीचं बघा. 1986 ला एक्सेल ही गाडी घेऊन ते अमेरिकेत उतरले, किंमत 4,995 डॉलर. पहिल्याच वर्षी 1 लाख 68 हजारांवर गाड्या खपल्या. मग त्या बिघडायला लागल्या आणि कंपनीचं नाव थट्टेचा विषय झालं. कॅनडात ब्रोमाँला 1989 मध्ये कारखाना काढला, त्याला 1993 मध्ये कुलूप. सावरायला दहा वर्षं गेली. 1998 मध्ये त्यांनी अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सवर 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. लोक तिला जाहिरातबाजी म्हणतात, मला ती शहाणपणाची वाटते. दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून जायला लागला की बेअरिंगचा आवाज वरच्या मजल्यावरच्या साहेबांनाही ऐकू येतो. जे. डी. पॉवर ही संस्था गाड्यांचा दर्जा तपासते, तिच्या 2004 च्या नव्या गाड्यांच्या सर्वेक्षणात कंपन्यांमध्ये ते होंडाच्या बरोबरीने दुसरे आले. पुढच्याच वर्षी अलाबामात माँटगोमेरीला कारखाना सुरू.

आणि इथे तुमचा विषय येतो. सप्टेंबर 2015 मध्ये त्यांनी अमेरिकेत सुमारे 4 लाख 70 हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या, 2011 आणि 2012 मॉडेलच्या. अलाबामात त्या इंजिनाचं उत्पादन नव्याने सुरू होत होतं तेव्हाचा दोष. क्रँकशाफ्टच्या मशीनिंगमधला धातूचा कचरा तेलाच्या वाटांमधून पुरता निघाला नव्हता. तो पुढे सरकला की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल कमी पडतं, इंजिन ठोके द्यायला लागतं आणि चालत्या गाडीत बंद पडू शकतं. वाचताना मला लेथवरून उतरलेल्या प्रत्येक जॉबवर फिरणारं तुमचं बोट आठवलं. आई चिडायची, तुमच्या त्या कापलेल्या बोटांना मीठ लागायचं म्हणून.

आता माझं ऐका. आमच्याकडे ऑइल पंपाची बॉडी मशीनवर तयार होते. आत दोन भोकं एकमेकांना छेदतात, आणि त्या छेदावर बर येते, म्हणजे कापताना राहिलेली धातूची बारीक धारदार कोर. डोळ्याला दिसत नाही. तीन आठवडे रिजेक्शन शून्य. हेड ऑफिस खूश, उत्पादन सुरू करायची तारीख ठरलेली, फक्त माझी मंजुरीची सही बाकी. मग एका सोमवारी अचानक 43 बॉडीत बर सापडली. ड्रिल बदललं, कूलंट तपासलं, प्रोग्रॅम तपासला, सगळं जागच्या जागी.

बुधवारी शेवटच्या स्टेशनवरचा माणूस रजेवरून परतला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्या खिशात हॅक्सॉच्या पात्यापासून घासून केलेला एक वाकडा स्क्रेपर होता. प्रत्येक बॉडीत तो घालून मनगटाचा एक हलका झटका द्यायचा, मग करंगळी आत. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कामाच्या तक्त्यातही नव्हतं. मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंस? दुभाष्यामार्फत उत्तर आलं, "कुणी विचारलं नाही, आणि लाईन थांबवली तर ओरडतात."

म्हणजे आमचं ते शून्य रिजेक्शन एका माणसाच्या करंगळीवर उभं होतं! सही केली असती तर दुसऱ्या शिफ्टला, त्याच्या पुढच्या रजेला, काय बाहेर गेलं असतं कोण जाणे.

सही केली नाही. वरिष्ठांचा फोन आला, बराच वेळ चालला. "एवढ्याशा बरीसाठी मालाचं जहाज अडवणार का?" म्हणाले. मी हो म्हटलं आणि मग रात्रभर पोटात गोळा. आता बर काढायचं वेगळं स्टेशन बसवतोय, आत बघायला बोअरस्कोप मागवलाय आणि लाईन थांबवायचं बटण कामगाराच्या हाताशी आणलंय. पहिले चार दिवस कुणीच दाबलं नाही. काल त्यानेच दाबलं. सुपरवायझर धावत आला, मी मध्ये उभी राहिले.

बाबा, एक काम. पत्र्याच्या पेटीत तुमचा तो तिकोनी स्क्रेपर असेल. त्याच्या धारेचा कोन किती ठेवायचात? त्या माणसाचा दर आठवड्याला बोथट होतो. त्याला मी सांगितलंय, माझे वडील टर्नर होते, त्यांना विचारते. तेव्हापासून रोज विचारतोय, उत्तर आलं का.

आई, डोळ्यांचे थेंब संपण्याआधी नवीन आणून ठेव. आणि मी झोपते, वेळेवर.

तुमची,
मनू